न दिसणारी ज्योत : मेथेनॉलचे गुणधर्म आणि बेंगळुरू

मेथेनॉल हा अल्कोहोल कुळातला सर्वांत लहान रेणू आहे. एक कार्बन, एक ऑक्सिजन आणि चार हायड्रोजन एवढ्यावर त्याची बांधणी संपते, आणि रेणूच्या एकूण वजनाचा निम्मा वाटा एकट्या ऑक्सिजनचा असतो. कार्बनला कार्बन जोडलेला नाही आणि ऑक्सिजन मात्र भरपूर आहे, या दोन गोष्टींतून त्याचे बहुतेक गुण आणि बहुतेक धोके उलगडत जातात. १८३४ मध्ये द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्याची घटना निश्चित केली आणि ग्रीक भाषेतल्या मद्य व लाकूड या अर्थाच्या दोन शब्दांवरून ‘मेथिलीन’ हे नाव घडवले, ज्यातून पुढे ‘मेथिल’ आले. लाकडाच्या मद्याशी या पदार्थाचे नाते नावातच आले, आणि पुढच्या काळात अनेकांच्या जिवावर उठला तो नेमका हाच भ्रम, की हेही एक मद्यच आहे.

साध्या डोळ्याला मेथेनॉल पाण्यासारखे दिसते. ते रंगहीन आहे, पाण्यापेक्षा पातळ आणि हलके आहे; २० अंश सेल्सिअसला त्याच्या एका लिटरचे वजन सुमारे ७९२ ग्रॅम भरते, तर पिण्याच्या मद्यातील अल्कोहोलचे, म्हणजे इथेनॉलचे, ७८९ ग्रॅम. दोन्ही पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतात, दोहोंचा वास बराचसा सारखा, आणि हातावर थेंब टाकला तर दोन्ही गारवा देत उडून जातात. मद्याची तीव्रता मोजणारा तरंगकाटा, म्हणजे हायड्रोमीटर, फक्त घनता ओळखतो. त्यामुळे पाण्यात मिसळलेल्या या दोन द्रवांत त्याला फरक सांगता येत नाही. फरक दिसतो तो उत्कलनबिंदूत. समुद्रसपाटीच्या दाबाला मेथेनॉल ६४.७ अंशांना उकळते आणि इथेनॉल ७८.४ अंशांना. बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असल्याने तिथे हवेचा दाब दहाएक टक्क्यांनी कमी असतो, आणि मेथेनॉलही तिथे सुमारे ६२ अंशांनाच उकळू लागते. हा अडीच-तीन अंशांचा फरक फारसा महत्त्वाचा वाटत नाही, पण बाष्पाचा हिशेब करताना तो उपयोगी पडतो.

कर्नाटकाचा या पदार्थाशी परिचय जुना आहे आणि तो दारूच्या नव्हे, लोखंडाच्या वाटेने झालेला आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकारातून म्हैसूर संस्थानात भद्रावतीचा लोखंड कारखाना उभा राहिला आणि १९२३ मध्ये तिथली झोतभट्टी पेटली. दगडी कोळसा फार दूर आणि मलनाडचे जंगल शेजारी, म्हणून ती भट्टी लोणारी कोळशावर चालवण्याचे ठरले. आणि कोळसा पाडायचाच आहे तर लाकडातून निघणारी वाफही वाया जाऊ नये म्हणून लाकडाच्या शुष्क ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे बंद पात्रात हवेशिवाय लाकूड तापवून त्यातून निघणारी वाफ थंड करून गोळा करण्याचा, मोठा विभाग कारखान्याला जोडला गेला. त्या वाफेतून डांबर, असेटिक आम्लाचे क्षार आणि काष्ठमद्य, म्हणजेच मेथेनॉल, मिळत असे. लाकडाच्या वजनाच्या मानाने त्याचा उतारा एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लाकडांच्या अशा ऊर्ध्वपातनाचे प्रयोग झाले होते, त्यामुळे हे शहर आणि हे रसायन यांची ओळख शतकभराची आहे असे म्हणता येते.

हे काष्ठमद्य धुराच्या, डांबराच्या आणि असेटोनच्या दर्पाने भरलेले असे. ते तोंडाला लावण्याची इच्छा सहसा कोणाला होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत दर्प काढून शुद्ध केलेले मेथेनॉल बाजारात आले आणि त्यानंतर तिथे अंधत्वाच्या व मृत्यूच्या घटना वाढल्या. भद्रावतीची भट्टी पेटली त्याच वर्षी, १९२३ मध्ये, जर्मनीत लॉयना येथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन या वायूंपासून मोठ्या दाबाखाली मेथेनॉल तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. १९६० च्या दशकात तांबे व जस्त यांवर आधारलेल्या उत्प्रेरकामुळे तेच काम बऱ्याच कमी दाबात होऊ लागले. आजचे जवळजवळ सगळे मेथेनॉल नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून याच मार्गाने येते आणि ते अत्यंत शुद्ध असते. निसर्गाने या द्रवासोबत दिलेली सूचना, म्हणजे त्याची दुर्गंधी, उद्योगाने धुऊन काढली, आणि तिच्या जागी दुसरी सूचना कोणी बसवायची हा प्रश्न त्या दिवसापासून उघडा राहिला. मेथेनॉलच्या सुरक्षिततेविषयीचा जवळजवळ सगळा विचार या एका प्रश्नाशी येऊन थांबतो.

बेंगळुरूने त्याची किंमत जुलै १९८१ मध्ये मोजली. शहरातल्या गरीब वस्त्यांत विकल्या गेलेल्या बेकायदा दारूत मेथिल अल्कोहोल होते आणि काही दिवसांत तीनशेहून अधिक माणसे दगावली. देशाच्या इतिहासातल्या अशा सर्वांत मोठ्या दुर्घटनांत तिची गणना होते. पुढे १ जुलै २००७ पासून कर्नाटकात अरॅकवर, म्हणजे कन्नडमधल्या ‘सारायी’वर, बंदी आली आणि मे २००८ मध्ये बेंगळुरू, कोलार आणि सीमेपलीकडचा तमिळनाडूतील कृष्णगिरी या पट्ट्यात पुन्हा दीडशेच्या आसपास बळी गेले. बंदी आणि विषबाधा यांच्यात सरळ रेष ओढणे घाईचे ठरेल, कारण १९८१ मध्ये अरॅकवर बंदी नव्हती आणि तरीही माणसे मेली. महाराष्ट्राला हे चित्र अनोळखी नाही. २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत हेच घडले. मालवणीतील मृतांची संख्या शंभराच्या वर गेली.

शरीरात काय घडते हे समजून घेतले तर या घटनांमधला सारखेपणाही समजतो. मेथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. त्याला विष बनवते ते यकृत. अल्कोहोल डीहायड्रोजनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याचे फॉर्माल्डिहाइडमध्ये रूपांतर करते आणि लगेच पुढच्या पायरीला त्याचे फॉर्मिक आम्ल होते, जे मुंगीच्या दंशातही असते. हे आम्ल शरीरातून हळूहळू बाहेर पडते, रक्ताची आम्लता वाढवते आणि पेशींना ऑक्सिजन वापरू देणारी यंत्रणाच अडवून धरते. ज्या ऊतींना ऑक्सिजनची भूक सर्वाधिक, त्या सर्वांत आधी कोलमडतात, आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता त्यांतली एक आहे. म्हणून रुग्णाला आधी धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते आणि मग अंधार होतो. दहा मिलिलिटर शुद्ध मेथेनॉल दृष्टी घालवू शकते आणि तीस मिलिलिटर काहींना मारून टाकू शकते, म्हणजे दोन चहाचे चमचे आणि सहा चमचे यांच्यामधले हे अंतर आहे. उंदीर या आम्लाचा निचरा माणसापेक्षा पुष्कळ वेगाने करतात, त्यामुळे उंदरांवरच्या प्रयोगांतून माणसाला असलेल्या धोक्याचा अंदाज बांधता येत नाही.

या क्रियेला वेळ लागतो, हे त्यातले सर्वांत घातक अंग. पिणाऱ्याला आधी साधी नशा चढते, ती उतरते, आणि बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप आणि दृष्टिदोष सुरू होतात. सोबत इथेनॉलही पोटात गेले असेल तर हा काळ आणखी लांबतो, कारण त्या विकराला मेथेनॉलपेक्षा इथेनॉलची ओढ कित्येक पटींनी जास्त असते आणि ते आधी इथेनॉलच हाताळते. भेसळीच्या दारूत दोन्ही अल्कोहोल असले, तर विकणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या रात्री काहीच वावगे घडलेले नसते, आणि दुसऱ्या दिवशी तोच माल तितक्याच निर्धास्तपणे विकला जातो. उपचाराची किल्लीही याच ओढीत आहे. रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून इथेनॉल दिले किंवा फोमेपिझोल नावाचे औषध देऊन ते विकरच अडवले, तर मेथेनॉलचे विषात रूपांतर थांबते आणि मग डायलिसिसने ते रक्तातून काढून टाकता येते. सोबत आम्लता उतरवण्यासाठी सोडियम बायकार्बोनेट आणि फॉर्मिक आम्लाचा निचरा वाढवण्यासाठी फोलिनिक आम्ल दिले जाते. दारूच्या विषावर दारूचाच उतारा, हे ऐकायला विचित्र वाटते; मात्र तो रुग्णालयातला उपचार आहे, घरी करून पाहण्याचा नव्हे, कारण त्यात घालवलेला प्रत्येक तास डायलिसिसच्या वाट्याचा असतो.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एक समजूत हमखास पुढे येते, की हातभट्टी नीट लावली नाही, आच चुकली, म्हणून दारूत मेथेनॉल उतरले. ६४.७ आणि ७८.४ हे दोन आकडे पाहिले की ही समजूत शास्त्रीयही वाटते. ती दोन कारणांनी टिकत नाही. पहिले कारण असे, की आंबवलेल्या द्रवात मेथेनॉल येते ते मुख्यतः फळांच्या सालीगरात असलेल्या पेक्टिन या पदार्थापासून. गूळ, नवसागर आणि धान्य यांच्यावर चालणाऱ्या भट्टीत पेक्टिन जवळजवळ नसते, आणि गोव्यात काजूच्या बोंडांपासून फेणी काढताना जे थोडे मेथेनॉल येते ते माणूस मरेल इतके नसते, शिवाय त्याच्यासोबत त्याच्यावर मात करणारे इथेनॉल कितीतरी पट जास्त असते. दुसरे कारण असे, की पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणात हे दोन अल्कोहोल आपापल्या उत्कलनबिंदूंचा मान राखून रांगेने बाहेर पडत नाहीत. हायड्रोजन बंधांमुळे मेथेनॉल पाण्याला धरून राहते आणि सुरुवातीपासून अखेरपर्यंत थोडे थोडे येत राहते. मराठीत ‘पहिल्या धारेची’ हे कौतुकाचे विशेषण आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या ती पहिली धार पिणारे त्यामुळे आंधळे झालेले नाहीत, ही लोकानुभवाची साक्षही इथे रसायनशास्त्राच्या बाजूने उभी राहते.

एका रात्रीत वस्तीच्या वस्ती आडवी पडते तेव्हा ते मेथेनॉल भट्टीत तयार झालेले नसते. ते पिंपातून आलेले असते. प्लायवूडच्या चिकट राळेसाठी लागणारे फॉर्माल्डिहाइड, असेटिक आम्ल, रंग, थिनर, पॉलिश आणि औषधे अशा अनेक उद्योगांना ते लागते, भारत आपल्या गरजेचा बहुतांश भाग आयात करतो, आणि बंदर, टँकर, गोदाम, कारखाना या साखळीत कुठेतरी एखादे पिंप वाट चुकते. त्यावर इथेनॉलसारखा अबकारी कर नसल्याने ते स्वस्त पडते आणि चोरट्या व्यापाऱ्याला तेवढा फरक पुरतो. इथे शासनव्यवहारातली एक विसंगतीही नोंदवावी लागते. औद्योगिक इथेनॉल कोणी पिऊ नये आणि कर बुडू नये म्हणून ते ‘विकृत’ केले जाते, आणि त्यात मिसळण्याच्या पदार्थांत मेथेनॉल पूर्वापार अग्रभागी राहिले; मेथिलेटेड स्पिरिट हे नावच तिथून आले. महसुलाच्या रक्षणासाठी विषाला पहारेकरी नेमायचे आणि त्या पहारेकऱ्याच्या अंगावर मात्र ना रंग, ना कडू चव, ही व्यवस्था समर्थनीय वाटत नाही. १९१९ च्या विष कायद्याने राज्यांना विषांच्या विक्रीवर आणि साठ्यावर नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे. रंग किंवा कडू पदार्थ मिसळणे काही उद्योगांना अडचणीचे ठरते हे खरे, तरी ज्यांना ते चालते त्यांच्यासाठीही ते सार्वत्रिक झालेले नाही.

विषाच्या चर्चेत आग मागे पडते, आणि कारखान्यात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्य नाही. द्रव स्वतः जळत नाही, त्याचे बाष्प जळते. ज्या तापमानाला पृष्ठभागावरचे बाष्प ठिणगीने क्षणभर पेट घेण्याइतके साचते त्याला प्रज्वलनबिंदू म्हणतात आणि मेथेनॉलच्या बाबतीत तो ११ ते १२ अंश आहे. हवेत त्याच्या बाष्पाचे प्रमाण साधारण ६ ते ३६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर मिश्रण स्फोटक ठरते. पेट्रोलच्या बाबतीत हीच पट्टी सुमारे दीड ते साडेसात टक्के इतकी अरुंद आहे. पेट्रोलच्या बंद टाकीत द्रवावरची जागा बाष्पाने इतकी गच्च भरते की जाळायला हवा उरत नाही, त्यामुळे टाकीच्या आत आग सहसा शिरत नाही. मेथेनॉलचे तसे नाही. २५ अंशांना त्याच्या बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२७ मिलिमीटर इतका असतो, बेंगळुरूच्या हवेचा दाब ६८० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या रिकाम्या पिंपात बाष्पाचे प्रमाण १८-१९ टक्के, स्फोटक पट्टीच्या अगदी मध्यावर. हाच हिशेब पुढे नेला तर साधारण १० ते ३८ अंशांच्या दरम्यान पिंपातली हवा कायम पेट घेण्याच्या स्थितीत असते, असे निघते. ज्या आल्हाददायक हवेसाठी बेंगळुरूची वाखाणणी होते, तिचे बारमाही तापमान जवळजवळ पूर्णपणे याच पट्टीत बसते. म्हणूनच मोठ्या टाक्यांत द्रवावर नायट्रोजनचे आवरण ठेवणे, ओतताना पिंप आणि पंप तारेने जमिनीशी जोडणे, आणि ‘रिकामे’ पिंप कापण्यासाठी वेल्डिंगची ज्योत लावण्याआधी ते पाण्याने पूर्ण धुणे, हे उपाय या एका द्रवासाठी विशेष आवश्यक ठरतात. मेथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळते, त्यामुळे ते धुणे निदान सोपे असते.

त्याच १८-१९ टक्क्यांना आरोग्याच्या बाजूनेही अर्थ आहे. कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दहा लाख भागांत मेथेनॉलचे २०० भाग ही मान्य मर्यादा आहे, आणि ६,००० भागांना जिवाला तत्काळ धोका मानतात. पिंपाच्या तोंडाशी मात्र हे प्रमाण लाखाच्या वर असते. नाकाला वास जाणवेपर्यंत मान्य मर्यादा ओलांडली गेलेली असू शकते. त्वचेतूनही ते शरीरात शिरते, म्हणून भिजलेला हातमोजा हा हातमोजा नसल्यापेक्षा वाईट.

ज्योतीचे वैशिष्ट्य तर आणखी विलक्षण आहे. मेणबत्तीची किंवा लाकडाची ज्योत पिवळी दिसते ती तिच्यात तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांमुळे. मेथेनॉलमध्ये कार्बन-कार्बन बंध नाही आणि ऑक्सिजन पोटातच आहे, त्यामुळे काजळी धरत नाही, धूर होत नाही, आणि फिकट निळी ज्योत भर उन्हात दिसतच नाही. काजळी नसल्याने तिच्यातून उष्णतेचे किरणही कमी बाहेर पडतात आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला फारशी आच लागत नाही. बेंगळुरूतल्या दुर्घटनेच्या दोनच महिने आधी, मे १९८१ मध्ये, अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या मोटारशर्यतीत रिक मिअर्स या चालकाच्या गाडीत इंधन भरताना आग लागली, आणि तो व त्याचे सहकारी ज्वाळांत असताना आजूबाजूच्या लोकांना काही दिसत नव्हते. गाड्यांत मेथेनॉल होते. गंमत अशी, की त्या शर्यतीत पेट्रोलऐवजी मेथेनॉल स्वीकारले गेले ते सुरक्षिततेसाठीच, कारण १९६४ च्या भीषण पेट्रोल-आगीनंतर पाण्याने विझणारे आणि धुराने इतर चालकांची दृष्टी न अडवणारे इंधन हवे होते. पाण्याने ते विझते हे खरे, पण पाणी भरपूर लागते. एक भाग मेथेनॉल आणि तीन भाग पाणी एवढे पातळ मिश्रणही तापल्यावर पेटू शकते. साधा फेस त्याच्या संपर्कात येताच फुटतो, म्हणून अल्कोहोलरोधक फेस लागतो. रस्त्यावरच्या टँकरवर नारिंगी पाटीत १२३० हा आकडा दिसला, तर तो मेथेनॉलचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे एवढे अग्निशामक दलाबाहेरच्या माणसांनीही ओळखायला हरकत नाही.

इंधन म्हणून त्याचे उष्मागुण एकाच वेळी उणे आणि अधिक आहेत. एक किलो मेथेनॉल जळून सुमारे २० मेगाजूल उष्णता देते, पेट्रोल सुमारे ४३. म्हणजे टाकी दुप्पट मोठी हवी. मात्र त्याला हवा कमी लागते, एका किलोला साडेसहा किलो, तर पेट्रोलला साडेचौदाहून अधिक, त्यामुळे इंजिनात शिरणाऱ्या तेवढ्याच हवेमागे मिळणारी शक्ती पेट्रोलपेक्षा किंचित जास्तच भरते. द्रवाचे बाष्प होताना तो जी उष्णता शोषतो तिला बाष्पनाची गुप्त उष्णता म्हणतात. मेथेनॉलची ती किलोमागे सुमारे १,१०० किलोजूल, पेट्रोलच्या तिपटीहून अधिक आहे, आणि तेवढ्याच शक्तीसाठी मेथेनॉल दुप्पट लागते हे धरले तर इंजिनाला मिळणारा गारवा सहा-सात पट होतो. त्यामुळे दाब वाढवूनही इंजिन ठोकत नाही, पण थंडीच्या पहाटे ते सुरू होताना कुरकुरते. डिझेलमध्ये तर ते मुळात मिसळतच नाही, कारण एक ध्रुवीय आणि दुसरे तैलस्वभावी, आणि दाबाने आपोआप पेट घेण्याची क्षमताही मेथेनॉलमध्ये फार कमी. त्यांना एकत्र बांधून ठेवणारे पूरक द्रव्य घालावे लागते. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूच्या महानगर परिवहन महामंडळाच्या काही बसगाड्या पंधरा टक्के मेथेनॉल मिसळलेल्या डिझेलवर प्रायोगिक रीतीने धावू लागल्या, तेव्हा या अडचणींवरचे उत्तर रस्त्यावर आले. याच शहरातील जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्रातील संशोधनातून उभा राहिलेला एक गट कार्बन डायऑक्साइडपासून मेथेनॉल बनवण्याच्या पद्धतीमुळे एका जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला होता.

मेथेनॉल इंधन झाले तर विषबाधा वाढेल, ही शंका अशा प्रत्येक प्रयोगानंतर विचारली जाते आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. डिझेलमध्ये मिसळलेले मेथेनॉल कोणी पिणार नाही, कारण डिझेलचा दर्प त्याला पुन्हा एकदा तीच सूचना देतो जी भद्रावतीच्या डांबराने दिली होती. धोका मिसळण्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे, जिथे शुद्ध द्रव टँकरमधून उतरतो, मोजला जातो आणि नोंदवला जातो. तेव्हा बसच्या टाकीपेक्षा आगाराबाहेरच्या साठवणीची नोंदवही आणि बंदरातच घालता येण्यासारखा एखादा गडद रंग यांचा विचार आधी व्हावा लागेल.